आपल्या खात्याची नक्कल

वाशिम, रिसोड किंवा मंगरूळपीरच्या तहसील कचेरीत वरचेवर जावे लागणाऱ्या माणसाला 'नक्कल' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. फेरफाराची नक्कल, जुन्या पेरेपत्रकाची नक्कल, खरेदीखताची नक्कल. अर्ज, तिकीट, दोन-तीन हेलपाटे आणि शेवटी शिक्का मारलेला कागद. दप्तर सरकारचे असले तरी त्यातली नोंद माझी आहे आणि ती मला पाहायला मिळालीच पाहिजे, ही भावना इथल्या शेतकऱ्यात पक्की मुरलेली आहे. सातबाऱ्यावर दोन गुंठ्यांचा फरक पडला तर तो वर्षभर त्याचा पिच्छा सोडत नाही. तोच माणूस, किंवा त्याचा पुण्याहून शिकून परत आलेला मुलगा, मोबाइलवरच्या शेअर-बाजाराच्या अ‍ॅपमध्ये सोयाबीनच्या पट्टीचे पैसे टाकतो आणि त्या कंपनीने आपल्याविषयी काय काय लिहून ठेवले आहे हे एकदाही विचारत नाही. असे विचारता येते, हेच मुळात त्याच्या कानावर आलेले नसते.

हा प्रश्न फक्त मुंबईकरांचा राहिलेला नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअर-बाजाराच्या फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. तोट्याची एकूण रक्कम होती १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर. या सगळ्या खेळाडूंपैकी ७२ टक्क्यांहून अधिक लोक देशातल्या पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे होते, हा त्या अहवालातला आकडा वर्तमानपत्रांनी फारसा उचलला नाही. मला मात्र तोच सर्वांत बोलका वाटतो. 'पहिल्या तीस शहरांच्या बाहेर' म्हणजे वाशिम, कारंजा, मालेगाव, मानोरा. तोटा झाला की भांडण होते, आणि भांडण झाले की पहिला प्रश्न येतो तो कागदाचा. सौदा कोणी केला? कधी केला? कोणाच्या सांगण्यावरून? त्याचे उत्तर कंपनीच्या संगणकात असते, खातेदाराजवळ नसते.

एके काळी वाशिममध्येच याच्या उलट रीत होती. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. १९३९ मध्ये इथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला आणि वा. वि. मिराशी यांनी त्याच्या वाचनातून वाकाटकांच्या या शाखेचा इतिहास पुढे आणला. राजाने अथर्ववेदी ब्राह्मणांना एक गाव दान दिल्याची ती नोंद आहे. इथे महत्त्वाचा मुद्दा एवढाच की दानाचा पुरावा दान घेणाऱ्याच्या हाती दिला जाई, तोही न कुजणाऱ्या, वाळवी न लागणाऱ्या तांब्यावर. पुढे कोणी अधिकारी बदलला, कोणी हरकत घेतली, तर पेटीतून पत्रे काढून दाखवायचे. ज्याचा हक्क, त्याच्याजवळ कागद.

सावकारीच्या काळात ही बाजू उलटली. कर्जरोखा सावकाराच्या पेटीत, खातेवही सावकाराच्या गादीखाली, आणि अंगठा कुणब्याचा. किती घेतले, किती फेडले, व्याज कुठून सुरू झाले, हे सांगणारा एकच माणूस, आणि तोच वसुलीला येणारा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी उठाव झाला तेव्हा लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे मुकाट्याने काढून देणाऱ्या सावकारांना बहुधा फारसा त्रास झाला नाही, हे दख्खनच्या दंग्यांच्या चौकशीतही नमूद झाले आहे. नक्कल मिळण्याची सोय नसलेल्या माणसाने अस्सलच जाळून टाकले, असा त्याचा अर्थ मी लावतो.

त्यातून आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याची आठवण मुख्यतः व्याजाच्या फेरतपासणीसाठी काढली जाते. त्यातली आणखी एक तरतूद आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. पैसे फेडल्यावर लेखी पावती मागण्याचा, वर्षातून हिशेबाचा उतारा मागण्याचा आणि खातेपुस्तिका ठेवून ती वेळोवेळी भरून घेण्याचा हक्क या कायद्याने शेतकऱ्याला दिला. खासगी माणसाच्या दप्तरात माझ्याविषयी जे लिहिले आहे त्याची प्रत मला मिळाली पाहिजे, हे तत्त्व महाराष्ट्राच्या कायद्यात तेव्हापासून आहे. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता तो कायदा होता. वऱ्हाड तेव्हा निझामाकडून इंग्रजांनी कारभारासाठी घेतलेला वेगळा मुलूख आणि बासीम हा त्यातला एक जिल्हा. हा जिल्हा १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम या नावाने पुन्हा वेगळा निघाला.

आता सावकाराच्या जागी अ‍ॅप आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोंदणीकृत ब्रोकरवर आज जितकी कागदपत्रांची बंधने आहेत, तितकी कोणत्याही सावकारावर कधी नव्हती. सौदा झाल्यावर चोवीस तासांत कॉन्ट्रॅक्ट नोट पाठवावी लागते. खाते उघडताना सही केलेल्या कागदांची प्रत ग्राहकाला द्यावी लागते. ग्राहकाच्या नावावर परस्पर सौदे होतात अशा तक्रारी वाढल्यावर सेबीने मार्च २०१८ मध्ये आणखी कडक परिपत्रक काढले. ग्राहकानेच ऑर्डर दिली याचा पुरावा ब्रोकरने जपून ठेवायचा. तो पुरावा म्हणजे सही केलेला कागद, फोनचे रेकॉर्डिंग, ईमेल, एसएमएस किंवा इंटरनेटवरच्या व्यवहाराची संगणकीय नोंद. वाद झाला तर तो पुरावा पुढे करण्याची जबाबदारी ब्रोकरची. म्हणजे 'तुम्हीच फोनवर सांगितले होते' असे ब्रोकर म्हणत असेल तर 'ते रेकॉर्डिंग ऐकवा' असे म्हणण्याचा पाया ग्राहकाजवळ आहे. गावोगावच्या किती ग्राहकांना हे माहीत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

मग असे अ‍ॅप आपल्याविषयी नेमके काय साठवते? पहिला थर आपण स्वतः दिलेल्या माहितीचा: पॅन, आधार, फोटो, सही, बँक खाते, उत्पन्नाचा गट, नॉमिनी, आणि खाते उघडताना मोबाइलसमोर बसून काढलेला व्हिडिओ. दुसरा थर व्यवहारांचा. त्यात झालेले सौदे असतातच, पण टाकून मागे घेतलेल्या आणि दर बदललेल्या ऑर्डरीही असतात, सेकंदापर्यंतच्या वेळेसह आणि ज्या उपकरणावरून त्या आल्या त्याच्या खुणांसह. तिसरा थर वागणुकीचा: रात्री साडेअकराला कोणता चार्ट उघडला, कोणत्या सूचनेवर बोट टेकवले, किती तोटा झाल्यावर आठवडाभर अ‍ॅप उघडले नाही. प्रत्येक अ‍ॅप हे सगळे साठवतेच असे नाही, पण साठवणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे आणि व्यापाराच्या दृष्टीने फायद्याचे. पहिल्या दोन थरांची नक्कल मिळवायला आजचे नियम पुरतात. तिसऱ्याशी आलो की पाय अडखळतो.

ऑस्ट्रियातल्या माक्स श्रेम्स या कायद्याच्या विद्यार्थ्याने २०११ मध्ये फेसबुककडे स्वतःविषयीची सगळी माहिती मागितली, तेव्हा त्याला बाराशेहून अधिक पाने मिळाली. त्याने पुसून टाकलेले संदेशही त्यांत होते. पुसले म्हणजे गेले, हा समज त्या गठ्ठ्याने मोडला. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपच्या डेटा संरक्षण नियमावलीच्या पंधराव्या कलमात तर 'प्रत' हा शब्दच आहे. मागणी केल्यापासून साधारण एक महिन्यात, आणि पहिली प्रत विनामूल्य. आपल्याकडचा एखादा अभियंता जर्मनीत नोकरीला असेल तर तिथल्या ट्रेडिंग कंपनीला तो चार ओळींचा ईमेल लिहून हे मागू शकतो. त्याचा वाशिममधला भाऊ हेच मागायला गेला तर त्याच्या हाती काय पडेल?

भारतात या हक्काची मुळे सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात आहेत. नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. त्यानंतर न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये विधेयकाचा मसुदा दिला. मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले हेच ते न्यायमूर्ती. आपली माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात उचलून दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा हक्क त्या मसुद्यात होता. पाच वर्षे विधेयके आली, समित्यांकडे गेली, मागे घेतली गेली, आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळून 'डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा' झाला तेव्हा तो हक्क गाळलेला होता. या कायद्याच्या अकराव्या कलमाने माणसाला मिळतो तो 'सारांश': कंपनी कोणत्या माहितीवर काय प्रक्रिया करते त्याचा गोषवारा, आणि ती माहिती आणखी कोणाकोणाला दिली त्यांची नावे. नक्कल आणि गोषवारा यांतला फरक तहसीलच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला वेगळा सांगायला नको. फेरफाराचा गोषवारा घेऊन कोणी कोर्टात जात नाही.

तरीही या कलमाचा दुसरा भाग मला मोलाचा वाटतो. खाते उघडल्यानंतर महिन्याभरात कर्ज देणाऱ्यांचे आणि 'टिप्स' विकणाऱ्यांचे फोन का सुरू होतात, हे कोडे सोडवायचे तर आपली माहिती कोणाला दिली गेली हे नावानिशी कळणे हाच एक मार्ग आहे. त्याला अपवाद आहे तो गुन्ह्यांच्या तपासासाठी कायदेशीर यंत्रणांनी लेखी मागणी करून घेतलेल्या माहितीचा. शिवाय हा हक्क मुख्यतः आपल्या संमतीने घेतलेल्या माहितीपुरता आहे. केवायसीसारखी कायद्याने घ्यावीच लागणारी माहिती त्यात किती मोडते, यावर उद्या कंपन्यांचे वकील शब्दच्छल करतील अशी मला शंका आहे.

कायद्याचे नियम अधिसूचित झाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि तेही टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे. नागरिकाच्या हक्कांचा भाग अठरा महिन्यांनंतरचा, म्हणजे मे २०२७ चा. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम चालतात. ग्राहकाने स्वतः दिलेली माहिती त्याने मागितल्यावर त्याला पाहू द्यावी, चुकीची असल्यास दुरुस्त करावी, आणि तक्रार-अधिकाऱ्याने महिन्याभरात तक्रार निकाली काढावी, एवढे त्यांत आहे. नवा कायदा पूर्ण लागू झाल्यावर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३ अ हे कलम जाणार. माहिती सांभाळण्यातल्या हलगर्जीपणामुळे नुकसान झालेल्या माणसाला भरपाई देणारे कलम तेच होते. नव्या कायद्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, पण तो जमा होतो सरकारी तिजोरीत. ज्याचे नुकसान झाले त्याच्या खिशात त्यातला रुपयाही पडत नाही. उलट खोटी किंवा उगाचची तक्रार केली म्हणून नागरिकालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हक्क देणाऱ्या कायद्यात हक्क मागणाऱ्यालाच अशी ताकीद देण्याची गरज काय होती, हे मला तरी समजलेले नाही.

'मग माहितीच्या अधिकारात टाकू की!' असे या टप्प्यावर कोणीतरी म्हणतेच. महाराष्ट्राला त्या कायद्याचा अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. पण तो सरकारी दप्तरांपुरता. खासगी ब्रोकर कंपनीकडे दहा रुपयांचे तिकीट लावून अर्ज करता येत नाही.

प्रत्यक्षात मात्र वाट इतकी बंद नाही, कारण शेअर-बाजाराच्या खात्याची नोंद एकाच दप्तरात राहत नाही. सातबारा तलाठ्याकडे, खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे आणि नकाशा भूमी अभिलेखात असतो, तसेच हे आहे. ब्रोकरकडे लेजर आणि कॉन्ट्रॅक्ट नोट. एक्सचेंजकडे प्रत्यक्ष सौद्याची नोंद, आणि अलीकडचा सौदा खरोखर बाजारात झाला का हे एनएसई आणि बीएसई यांच्या संकेतस्थळांवर ताडून पाहता येते. शेअर प्रत्यक्षात असतात एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीकडे, आणि तिथून पॅनच्या आधारे एकत्रित खातेउतारा येतो: ज्या महिन्यात व्यवहार झाला त्या महिन्याचा, एरवी सहामाही. केवायसीचे कागद वेगळ्या नोंदणी संस्थेत असतात. आणि नोव्हेंबर २०२१ पासून आयकर खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकात आपल्या शेअर-व्यवहारांची नोंद दिसू लागली आहे. एकाने दडवले तर दुसऱ्याकडे सापडते. नोव्हेंबर २०१९ मध्ये कार्वी ब्रोकिंगने ग्राहकांचे शेअर स्वतःच्या कर्जासाठी गहाण टाकल्याचे प्रकरण बाहेर आले. पुढच्याच महिन्यात ऐंशी हजारांहून अधिक ग्राहकांचे शेअर डिपॉझिटरीमार्फत परत वळते करता आले, ते एकट्या ब्रोकरच्या वहीवर विसंबावे लागले नाही म्हणून.

या ताडून पाहण्यातूनच छोट्या गावांतला एक ठरावीक घोटाळा उघडा पडतो. समजा, रिसोडच्या एका निवृत्त शिक्षकाचे खाते ओळखीच्या मुलाने उघडून दिले. अशा मुलाला पूर्वी सब-ब्रोकर म्हणत, आता सेबीच्या भाषेत ऑथराइज्ड पर्सन. गुरुजींना ईमेल वापरता येत नाही म्हणून त्याने स्वतःचाच ईमेल टाकला, आणि ओटीपीसाठी वारंवार फोन करावा लागू नये म्हणून कधीतरी मोबाइल क्रमांकही बदलला. हेतू चांगला असेलही. पण त्यानंतर प्रत्येक कॉन्ट्रॅक्ट नोट, एक्सचेंजचा प्रत्येक एसएमएस, डिपॉझिटरीचा प्रत्येक उतारा त्या मुलाकडे जातो. कायद्याच्या दृष्टीने गुरुजींना सगळे कळवलेले आहे. प्रत्यक्षात त्यांना काहीच कळलेले नाही. म्हणून माहिती मागताना पहिली ओळ हीच असावी: माझ्या खात्यावर आज कोणता मोबाइल आणि ईमेल नोंदलेला आहे, आणि तो खाते उघडल्यापासून कधी, कोणाच्या विनंतीवरून बदलला?

बाकीचा अर्ज साधा असतो. ग्राहक क्रमांक आणि कालावधी लिहून खाते उघडतानाच्या सर्व कागदांची प्रत, त्या काळातले लेजर, कॉन्ट्रॅक्ट नोट, रद्द झालेल्यांसह सर्व ऑर्डरींची वेळेनुसार नोंद, वादातल्या सौद्यांची रेकॉर्डिंग्ज आणि माहिती ज्यांना दिली त्यांची नावे मागावीत. 'सगळी माहिती द्या' असे मोघम लिहिले तर मोघमच उत्तर येते. अर्ज नोंदलेल्या ईमेलवरून कंपनीच्या तक्रार-अधिकाऱ्याला करावा, स्थानिक माणसाला तोंडी सांगू नये. अर्जासोबत पॅन-आधारच्या प्रतींची नवी थप्पी पाठवू नये, त्या त्यांच्याकडे आहेतच. उत्तर आले नाही तर सेबीच्या स्कोअर्स या व्यवस्थेत तक्रार करता येते. तिथे कंपनीला २१ दिवसांत म्हणणे मांडावे लागते, पण तक्रारीचे कारण घडल्यापासून वर्षाच्या आत जावे लागते. माहितीची चौकशी आणि पैशाची तक्रार या दोन गोष्टी वेगळ्या अर्जांत ठेवलेल्या बऱ्या, नाहीतर एकीच्या उत्तरात दुसरी बुडते.

अर्थात हे सगळे नोंदणीकृत ब्रोकरचे झाले. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातून आलेल्या लिंकवरून उतरवलेले अ‍ॅप, ज्यात दोन लाखांचे आठ दिवसांत अकरा लाख झालेले दिसतात, त्याला असा अर्ज करून उपयोग नाही. पण तिथेही नकलेची कसोटी कामाला येते. सेबीच्या यादीत ब्रोकरचा 'आयएनझेड' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक सापडत नाही, कॉन्ट्रॅक्ट नोट येत नाही, डिपॉझिटरीच्या उताऱ्यात तो शेअर नाही: तर पडद्यावरचे अकरा लाख हे फक्त चित्र आहे. डब्बा ट्रेडिंगचेही तसेच. चिठ्ठीवर लिहिलेल्या आकड्याची नक्कल कोणत्याच दप्तरात मिळत नाही, म्हणूनच तो धंदा चिठ्ठीवर चालतो.

नव्या कायद्यातली एक तरतूद मात्र आपल्या भागासाठी वापरून पाहण्याजोगी आहे. संमती घेताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला दिला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे मराठीतही. आज बहुतेक अ‍ॅपमध्ये चाळीस पानांची इंग्रजी संमती एका बोटाच्या स्पर्शात होते. माहितीचा सारांश मराठीतच मिळाला पाहिजे असे कायदा म्हणत नाही. पण संमती मराठीत घेतलेल्या माणसाला उत्तरही मराठीत द्या, असे मागणारे अर्ज वाशिमसारख्या जिल्ह्यांतून गेले तर हा प्रश्न कधीतरी नियामकासमोर जाईल.

एक मुद्दा मुदतीचा. २० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे स्थगित केले आणि पुढे त्या स्थगितीला वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली. आपल्याच शेतातल्या मालाच्या भावावर तेव्हा वायद्यात पैसे लावलेल्यांची खाती त्यानंतर तशीच पडून आहेत. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यानुसार व्यवहाराच्या नोंदी व्यवहाराच्या तारखेपासून किमान पाच वर्षे ठेवाव्या लागतात. फोनच्या रेकॉर्डिंगची सक्तीची मुदत त्याहून कमी. डिसेंबर २०२१ मधल्या शेवटच्या सौद्यांची पाच वर्षे डिसेंबर २०२६ मध्ये भरतात. त्या काळातला हिशेब ज्यांना अजून पटलेला नाही, त्यांनी अर्ज त्याआधी टाकावा आणि पोच जपून ठेवावी.